पाकिटातले बी, ढोलीतले बी

बियाण्याच्या बाबतीत चंद्रपूर हा एक जिल्हा नाही, दोन आहेत. वरोरा, कोरपना, राजुरा या बाजूला काळी, भारी जमीन आणि कापूस. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या बाजूला तलाव, बांध्या आणि धान. वैनगंगा ओलांडली की हीच धानाची झाडीपट्टी गडचिरोलीतल्या आरमोरी, कुरखेड्यापर्यंत पुढे जाते. मे सरत आला की कापूसपट्ट्यातला शेतकरी पाकिटे आणायला कृषी केंद्रात जातो. घरची सरकी पेरावी असे आता तिथे कोणाच्या मनातही येत नाही. झाडीपट्टीत मात्र अजून अशी घरे आहेत, जिथे ढोलीतून किंवा गाठ मारून ठेवलेल्या पोत्यातून बिजाई निघते, मूठभर धान ओल्या गोणपाटात टाकून उगवण पाहिली जाते आणि मगच पऱ्हे कधी टाकायचे ते ठरते.

जनुकबदल केलेल्या, म्हणजे जीएम, पिकांवर वाद सुरू झाला की तो लगेच ताटाकडे वळतो. खाल्ले तर अपाय होईल का? प्रश्न रास्त आहे, पण दोन-तीन एकरांत रासायनिक खत-औषधाविना शेती करणाऱ्याच्या यादीत तो पहिला नसतो. त्याला आधी विचारायचे असते, की हे बी मला पुढच्या वर्षासाठी ठेवता येईल का. मग, शेजाऱ्याच्या शेतातले माझ्या शेतात आले तर मला ते कळणार कसे. आणि शेवटी, या बियाण्यावर नाव कोणाचे. मला ही क्रमवारी बरोबर वाटते. तिच्या वाटेने गेले की जीएमबद्दलच्या पुष्कळ घोषणा बाजूला पडतात, दोन्ही बाजूंच्या.

आधी कापूस. मार्च २००२ मध्ये केंद्राच्या मान्यता समितीने बीटी कापसाला परवानगी दिली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे एक जनुक कपाशीत घातलेले. त्यामुळे बोंडअळीला घातक असे प्रथिन झाडातच तयार होते. २००६ साली दोन जनुकांचे बोलगार्ड-२ आले. सुरुवातीची काही वर्षे हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या, हे मान्य करायला हवे. शेतकरी उगीच त्यामागे गेला नाही. पण भारतात हे जनुक जवळजवळ सगळेच्या सगळे संकरित वाणांत आले. चीन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथे बीटी कापूस प्रामुख्याने सरळ वाणांत आहे. आपल्याकडे संकरित असल्याने त्याचे बी ठेवून उपयोग नाही: पुढच्या पिढीत आई-बापाचे गुण फाटतात, कोणते झाड उंच, कोणते ठेंगणे, कोणात बीटी जनुक आहे, कोणात नाही. म्हणजे शेतकऱ्याला दरवर्षी दुकानाच्या पायरीवर आणणारी गोष्ट संकर आहे, जनुक नव्हे. दोन्ही एकाच पाकिटात आल्यामुळे आपण त्यांचा हिशेब एकत्र करतो.

याच संकराने पुढे आणखी एक घोळ केला. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरकीत बीटीचे प्रथिन असते, काहीत नसते. गुलाबी बोंडअळी सरकी खात खातच वाढते. तिला कुठे पूर्ण मात्रा, कुठे अर्धी, कुठे काहीच नाही असे जेवण मिळाले, आणि अर्धवट मात्रेत जगायला शिकलेली अळी पुढच्या पिढ्यांना तेच शिकवून गेली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे कारण वारंवार मांडले. त्यात भर म्हणजे ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जायचे. ते कडेला पेरायचे, म्हणजे साध्या अळ्या जिवंत राहतील आणि त्यांच्या पतंगांचे प्रतिकारक पतंगांशी मीलन होत राहील. ही पुडी बहुतेकांनी धुऱ्यावरही टाकली नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात जे केले ते सर्वांनी पाहिले.

सेंद्रिय शेतकऱ्याचे नुकसान इथे दुहेरी आहे, आणि ते फारसे कोणी बोलत नाही. बीटी जिवाणूची फवारणी सेंद्रिय शेतीत चालते. अळीविरुद्ध त्याच्याकडे असलेल्या मोजक्या हत्यारांपैकी ते एक. तेच प्रथिन कोट्यवधी झाडांतून रात्रंदिवस दिले गेले आणि अळी त्याला निर्ढावली, तर ज्याने जीएमचे एक बीही पेरले नाही त्याचेही हत्यार बोथट होते.

बी ठेवता येईल असा बीटी कापूस करता आला नसता का? प्रयत्न झाला होता. नागपूरच्या संस्थेने आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाने मिळून 'बिकानेरी नर्मा' या सरळ वाणात बीटी जनुक घातले. स्वस्त आणि घरी राखता येणारे सरकारी बीटी असा त्याचा गाजावाजा झाला. २००९ साली बियाणे शेतकऱ्यांकडे गेले आणि त्याच वर्षाअखेर मागे घेतले गेले, कारण त्यात खासगी कंपनीच्या जनुकाची भेसळ सापडली. देशातल्या मोठ्या प्रयोगशाळांना आपल्या बियाण्याची शुद्धता राखता आली नाही, तिथे कोरपन्याच्या शेतकऱ्याने धुऱ्यापलीकडच्या परागाचा हिशेब ठेवावा अशी अपेक्षा कोणी करू नये.

आणि आता 'चोर बीटी'. तणनाशक सहन करणारा, सरकारी मान्यता नसलेला एचटीबीटी कापूस तेलंगणाच्या सीमेवरून राजुरा, कोरपना, सिरोंच्याकडे येतो. पाकिटावर छापलेले नाव खरे असेलच असे नाही. पेरणीच्या तोंडावर धाडी पडतात आणि पेरा होतोच. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने तो जाहीरपणे पेरून सविनय कायदेभंग केला. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, ही संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्यापासूनची भूमिका. निंदणीला बाई-माणूस मिळत नाही, मिळाले तर मजुरी परवडत नाही, ही अडचण सेंद्रियवाल्यालाही आहे. किंबहुना त्यालाच जास्त आहे. म्हणून त्या शेतकऱ्याला लोभी म्हणणे मला पटत नाही. पण स्वातंत्र्याचा अर्थ लावायचा तर तो धुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी लावला पाहिजे. शेजारच्या शेतात तणनाशक उडाले की माझी तूर, माझी भाजी करपते. राष्ट्रीय सेंद्रिय प्रमाणीकरणात जीएम बियाण्याला मनाई आहे, गटाने एकमेकांची खात्री देण्याच्या पीजीएस पद्धतीतही आहे. माझ्या कापसात शेजारचे जनुक सापडले तर दर माझा पडतो, पेरणाऱ्याचा नाही.

कापसाच्या सेंद्रिय शेतकऱ्यासाठी एक सुटका निसर्गानेच ठेवली आहे. आपला देशी कापूस, म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, याच्या पेशीत २६ गुणसूत्रे. बीटीचा अमेरिकन कापूस ५२ गुणसूत्रांचा. दोघांचा संकर शेतात सहजासहजी होत नाही. शेजारी बीटी असला तरी देशी कापसाची सरकी देशीच राहते. एकेकाळी हिंगणघाटचा 'बनी' हा देशी कापूस धाग्यासाठी नावाजलेला होता. आज देशी वाणांना जिनिंगवाला भाव देत नाही, ही अडचण वेगळी. पण जनुकाची धास्ती वाटणाऱ्याने आधी या वाणांकडे पाहावे. अमेरिकन जातीचाच सरळ वाण राखायचा असेल तर प्रमाणित बियाण्यासाठी इतर कपाशीपासून ३० मीटर अंतर लागते. दोन एकरांच्या तुकड्यात एवढे अंतर सोडले की पेरायला काय उरते ते ज्याचे त्याने मोजावे.

धानाला हेच अंतर किती लागते? फक्त ३ मीटर. झाडीपट्टीत बी राखण्याची रीत टिकली आणि कापूसपट्ट्यात मोडली, याचे अर्धे कारण या आकड्यात आहे. धानाचे फूल थोडाच वेळ उघडते आणि उघडता उघडताच स्वतःचे पराग स्वतःवर सांडते. परका पराग येण्याचे प्रमाण साधारणपणे १ टक्क्याहून कमी. म्हणून लुचई, चिन्नोर, काळीकमोद, दुबराज असे वाण शेजारी शेजारी पेरूनही पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या जागी राहू शकले.

धानात भेसळ परागातून फार होत नाही, ती मळणीयंत्रातून होते. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणारे थ्रेशर पोटात मागच्या वाणाचे किलो-दोन किलो दाणे घेऊन येते. ज्याला बी ठेवायचे आहे त्याने बियाण्यापुरते पुंजणे वेगळे रचावे आणि हाताने झोडपावे किंवा बैलांनी चुरावे. एकरभर रोवणीला लागणारे बी असे काढणे काही अवघड नाही. निवड मात्र कापणीच्या कितीतरी आधी सुरू होते. फुटवे आल्यावर, निसवताना आणि दाणा पिवळा पडू लागल्यावर असे तीन वेळा बांधीत फिरून वेगळी दिसणारी झाडे उपटायची. धुऱ्याकडेची ओळ कधी बियाण्याला घ्यायची नाही: तिला ऊन आणि खत जास्त मिळते, ती दिसते जोमदार, पण तो जोम जागेचा असतो, वाणाचा नव्हे, शिवाय शेजारच्या बांधीचा पराग आणि सांडलेला दाणा आधी तिथेच येतो. मधल्या भागातल्या, गादमाशी आणि करपा न लागलेल्या झाडांच्या लोंब्या घ्यायच्या. वाळवताना ओलावा १३ टक्क्यांच्या खाली आणायचा. यंत्र नसले तरी दाताखाली दाणा कट्‌कन तुटला की जुनी माणसे समजतात. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात सोडायचे, तरंगणारे पोचट काढून टाकायचे, खाली बसलेले दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवायचे. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. ८० किंवा जास्त उगवले तर ते प्रमाणित बियाण्याच्या बरोबरीचे. याला ना प्रयोगशाळा लागते ना परवाना. कुठल्याही कंपनीला विकता येणार नाही असे हे ज्ञान असल्यामुळे त्याची जाहिरातही होत नाही.

संकरित धानाने मात्र झाडीपट्टीतही शिरकाव केला आहे आणि त्याचे बी ठेवले की कापसासारखेच फाटते. भारतात धानात आजवर जीएमचा एक दाणाही व्यापारी शेतीला मान्य झालेला नसताना बी राखणारी घरे कमी झाली, ती या पाकिटांनी आणि आयत्या पिशव्यांनी. गडचिरोलीच्या दक्षिणेला, एटापल्ली-भामरागडकडे, माडिया गोंडांत पेरणीआधी बियाण्याचा सण, बीज पंडुम, होतो. तिथे कोसरीसारखे भरडधान्य अजून घरच्याच बियाण्यावर पिकते. पण त्याचे कारण हा सणच, असे म्हणून त्याला संस्कृतीच्या खात्यात टाकून देऊ नये. कोसरीचे पाकीट विकायला अजून कोणी आलेले नाही, हेही कारण आहेच.

बी निवडणारी नजर किती दूर जाऊ शकते याचा दाखला नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावाने दिला. दादाजी रामाजी खोब्रागडे हे तिथले दीड एकराचे शेतकरी, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली 'पटेल-३' या वाणाच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, रंगाने पिवळट. बहुतेकांनी त्या भेसळ म्हणून उपटल्या असत्या. दादाजींनी त्या जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात बांधीच्या मधल्या छोट्या तुकड्यात पेरल्या आणि त्यातून पुन्हा निवड केली. ते वेगळेपण उत्परिवर्तनाने आले असेल किंवा त्या १ टक्क्यातल्या एखाद्या परक्या परागाने. अशा झाडाची संतती सुरुवातीला फाटते. पण धान स्वतःच स्वतःला फळवतो, त्यामुळे प्रत्येक पिढीत ही अस्थिरता निम्मी होत जाते. निम्मी, पाव, आठवा हिस्सा. सहाव्या पिढीला एक चौसष्टांश. संस्थांमधले पैदासकार हेच करतात, वहीत नोंदी ठेवून. दादाजींनी ते पाच-सहा पावसाळे नजरेने केले. दाणा बारीक, भात चवीला चांगला, उत्पन्न आधीच्या वाणाहून सरस. १९९० च्या सुमारास हा धान तळोधीच्या बाजारात गेला तेव्हा व्यापाऱ्याने त्याला त्या काळी हाताहातावर दिसणाऱ्या एचएमटी घड्याळाचे नाव दिले. नाव नसलेल्या मालाला भाव लावता येत नाही, एवढाच त्यामागचा विचार.

'एचएमटी' विदर्भ ओलांडून आंध्र, छत्तीसगड, मध्य प्रदेशपर्यंत पोचला. १९९४ साली सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रासाठी त्यांच्याकडून ५ किलो बियाणे नेले गेले, असे दादाजी सांगत. १९९८ मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हा वाण प्रसारित केला. विद्यापीठाचे म्हणणे, मूळ वाणात भेसळ होती आणि शुद्धीकरण आम्ही केले. शुद्धीकरण हे काम आहे, त्याला मोल आहे. पण ज्याने गवतातून सुई काढली त्याचे नाव सोडून सुईला पॉलिश करणाऱ्याचे नाव पेटीवर यावे, हे कोणत्या शास्त्रात बसते? २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार दादाजींना मिळाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने ग्रामीण भारतातल्या प्रभावी उद्योजकांत त्यांना गणले. दरम्यान त्यांनी डीआरके, नांदेड-९२, नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न असे वाण काढले. त्यांच्या बियाण्यावर देशभर पैसा फिरला, त्यांच्याकडे तो आला नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीतल्या शोधग्रामच्या दवाखान्यात ते गेले.

या साऱ्या कथेत कुठेही जीएम नाही, आणि म्हणूनच ती इथे महत्त्वाची. बियाणे शेतकऱ्याच्या हातून जायला जनुकबदलाची गरज पडत नाही. नोंद नसली, कागद नसला की पुरते.

कागद आता आहे. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला. त्याचे कलम ३९ शेतकऱ्याला बी राखण्याचा, वापरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क देते, ते बी नोंदणीकृत वाणाचे असले तरी. फक्त ब्रँडचे नाव छापून पिशवी विकता येत नाही. जगातल्या फार थोड्या देशांत इतका मोकळा हक्क आहे. २०१९ साली गुजरातेत बटाट्याच्या वाणावरून एका बहुराष्ट्रीय कंपनीने चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी १ कोटी ५ लाखांचे दावे लावले आणि देशभर ओरड झाल्यावर मागे घेतले. ती ओरड याच कलमाच्या बळावर होती. शेतकऱ्याच्या वाणापासून किरकोळ फरकाचा नवा वाण काढायचा तर मूळ शेतकऱ्याची संमती लागेल, असे कलम ४३ म्हणते. दादाजींच्या वेळी हे कलम असते तर अकोल्याहून नांदेडला निदान एक पत्र आले असते. शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी विनाशुल्क होते. झाडीपट्टीतल्या ज्या घरी वेगळा धान आहे त्यांनी ती करून घ्यावी, पुरस्कारासाठी नव्हे तर पुढच्या शुद्धीकरणाआधी.

धानात जीएम आलेच तर काय, याचा अंदाज बाहेरच्या उदाहरणातून येतो. अमेरिकेत तणनाशक सहन करणाऱ्या एका जीएम धानाची फक्त चाचणी झाली होती. २००६ साली त्याचा अंश बाजारातल्या लांब दाण्याच्या तांदळात सापडला, निर्यात कोसळली आणि २०११ मध्ये बायर कंपनीने शेतकऱ्यांना ७५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तिथल्या शेतकऱ्याकडे वकील होते आणि तपासणीचे यंत्र होते. आपल्याकडे तर तलावांच्या काठाला जंगली धान आपोआप उगवतो. लागवडीच्या धानाशी त्याची सोयरीक जुळते. त्यात तणनाशक-सहनशीलता गेली तर निंदणीला येणारे तण औषधालाही दाद देणार नाही. अमेरिकेत जनुकबदल न केलेल्या तणनाशक-सहनशील धानाबाबतही हे घडलेच. २०२१ मध्ये आपल्याकडे असेच दोन बासमती वाण आले, म्हणून हा मुद्दा लांबचा नाही.

नवा पेच मात्र जीएमचा नाही, जीन एडिटिंगचा आहे. ४ मे २०२५ रोजी भारतीय कृषी संशोधन परिषदेचे दोन धान जाहीर झाले: सांबा मसुरीपासून केलेला 'डीआरआर धान १००', म्हणजे कमला, आणि एमटीयू-१०१० पासून केलेला 'पुसा डीएसटी राइस-१'. १०१० आपल्या भागातही ओळखीचा. यात बाहेरचे जनुक राहत नाही, धानाच्याच जनुकात बारीक दुरुस्ती आहे. अशा वाणांना मार्च २०२२ पासून जीएमच्या कडक तपासणीतून सूट आहे. दोन्ही सरळ वाण आहेत, म्हणजे त्यांचे बी ठेवता येईल. माझ्या पहिल्या प्रश्नाला ते उत्तीर्ण होतात, हे मी कबूल करतो, आणि सेंद्रिय मंडळींनीही केले पाहिजे. सगळ्याला एकच काठी लावण्यात अर्थ नाही. दुसऱ्या प्रश्नाला ते नापास होतात. बाहेरचे जनुक नसल्याने साध्या जीएम तपासणीत ते पकडता येणार नाही. साध्या १०१० च्या पोत्यात मळणीयंत्रातून हे बी मिसळले तर सेंद्रिय गटाला कळण्याचा सोपा मार्ग नाही. आणि तिसरा प्रश्न, नावाचा: भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३(जे) वनस्पती आणि बियाण्यावर पेटंट देत नाही, पण दुरुस्तीच्या तंत्रावर परदेशी पेटंटे आहेत, आणि तंत्राचा परवाना बियाण्यापर्यंत किती लांब पोचतो हे परिषदेने शेतकऱ्याला स्वच्छ मराठीत सांगितलेले नाही. बियाण्याच्या पिशवीवर उगवण, शुद्धता, ओलावा छापतात. वाण कसा तयार केला आणि त्याचे बी ठेवायला कोणाची हरकत आहे का, या दोन ओळी त्याच लेबलवर छापायला जागा पुरेशी आहे.